बाईंचं बिअरचं यंत्र

बिअर कडू असते, हे मला ऐकून माहीत आहे. आमच्या घरात कोणी घेत नाही, मीही कधी घेतली नाही, आणि आता या वयात चाखून बघावी असंही वाटत नाही. तरीही विजेवर बिअर तयार करायचं लहान यंत्र कोणतं घ्यावं, हे विचारायला एके काळी लोक माझ्याकडे येत. लोक म्हणजे एकूण दोन माणसं. ती दोघं एकाच यंत्रासाठी आली होती, एकमेकांना न सांगता आली होती, आणि दोघांना नेमकं उलटं हवं होतं.

माझा धंदा पाणी तापवण्याचा. अकोल्याच्या जुन्या शहरात माझं छोटं वर्कशॉप होतं. स्टीलच्या नळीत तारेचं वेटोळं घालायचं, भोवती पांढरी भुकटी ठासून भरायची, म्हणजे वीज तारेतच राहते आणि उष्णता तेवढी बाहेर येते. यालाच लोक कॉइल म्हणतात आणि मला कॉइलवाला म्हणत. दवाखान्यांची अवजारं उकळायची भांडी, वसतिगृहांचे बंब, खव्याच्या कढया, चहाच्या टाक्या, सगळ्यांच्या पोटात माझी कॉइल असायची. ती कोणाला दिसत नाही. बिघडली की मात्र सगळ्यांना माझं नाव आठवतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, पाणी तापवण्यात काय विशेष. तर आमच्याकडचं बरंचसं पाणी खारपाणपट्ट्यातलं. असल्या पाण्यात कॉइल ठेवली की तिच्यावर क्षाराचा थर चढत जातो आणि शेवटी त्याचा दगड होतो. मग उष्णता बाहेर पडत नाही, आतली तार जळते. मोठ्या शहरातल्या कंपन्या हमीचा कागद देऊन कॉइल पाठवायच्या आणि आमचं पाणी तो कागद न वाचताच आपलं काम करायचं. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचो. लोकांना तो चौकसपणा वाटायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी होते. त्या वर्षांत कधी बागा वाळायच्या, कधी इतकी संत्री यायची की भावच मिळायचा नाही. त्यांनी ठरवलं, रस काढून गरम करून ठेवायचा आणि उन्हाळ्यात विकायचा. मी मोठं भांडं करून दिलं. रस तापवला, ठेवला आणि तो कडूजहर झाला. ते बाटली घेऊन अकोल्याला आले आणि म्हणाले, तुमच्या कॉइलमध्ये कडूपणा आहे. मी त्यांना सांगितलं की आपल्या संत्र्याचा रस तापवून ठेवला की कडवट होतो, तो फळाचाच स्वभाव आहे. त्यांना ते पटलं नाही. फळ त्यांच्या बागेतलं होतं आणि कॉइल माझी होती, म्हणजे दोष कोणाचा हे उघड होतं. पुढे ते मला लग्नाची पत्रिका पाठवायचे, पण कॉइल दुसऱ्याकडून घ्यायचे.

राजूरकर बाई आल्या त्या एका दुपारी, अमरावतीहून एसटीनं. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं होतं. वर्कशॉपमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी गॅस सिलिंडर आडवा का ठेवला आहे, असं माझ्या वेल्डरला विचारलं. त्यानं तो मुकाट्यानं उभा केला. मग त्या स्टुलावर बसल्या, रुमालानं चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "युसूफभाई, बिअर तयार करायचं यंत्र बघायचं आहे."

मला वाटलं, ऊन लागलं असेल. मी पाणी मागवलं.

बाईंनी पाणी घेतलं आणि सगळं रीतसर सांगितलं, शाळेत धडा सांगावा तसं. त्यांचा मुलगा मंदार बेंगळुरूला बिअर तयार करण्याच्या कामात होता. यजमान वकील, ते वर्षभरापूर्वी गेले. मुलगा तेव्हापासून घरी होता. बडनेरा रस्त्यावरच्या एका हॉटेलमालकाशी त्याचं ठरलं होतं की हॉटेलातच ताजी बिअर तयार करायची. परवान्याचा अर्ज गेला होता. जागा मालकाची, यंत्र मंदारचं. पैसे बाईंचे होते, म्हणून यंत्र बघायला बाई आल्या होत्या. ओळखीच्या दवाखान्यात त्यांनी माझं नाव ऐकलं होतं.

या बाईंनी शाळेजवळचं देशी दारूचं दुकान हटवण्यासाठी पोरींच्या आयांना घेऊन मोर्चा काढला होता, हे मला मागाहून कळलं. दुकान हटलंही होतं. पुढच्या गल्लीत गेलं.

तर आता यंत्राविषयी. बिअरचं काम ऐकायला सोपं आहे. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर ठेवायचे. पाणी उकळलं तर बिघडलं, थंड पडलं तरी बिघडलं. तेवढ्या वेळात दाण्यातल्या पिठाची साखर होते. मग ते गोड पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात उकळायचं, त्यात कडवट फुलं टाकायची, झटकन थंड करायचं आणि खमीर घालायचं. पुढचं खमीर बघून घेतं. यात माझं काम दोन ठिकाणी, तासभर एकसारखं गरम ठेवणं आणि नंतर उकळणं. हे गोड पाणी दाट असतं. छोट्या कॉइलमध्ये जास्त ताकद कोंबली तर ते खिरीसारखं तळाला लागतं. म्हणून तेवढीच ताकद लांब कॉइलवर पसरून द्यायची. घेणाऱ्यानं भांड्याची चकाकी न बघता कॉइलची लांबी बघावी, असं मी सगळ्यांना सांगायचो. सगळे चकाकी बघायचे.

त्यात ती भारनियमनाची वर्षं. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक लोकांना पाठ असायचं. अशा दिवसांत विजेवर चालणारं यंत्र घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी चहा पाजायचो. पण हॉटेलला जनरेटर होता, आणि भांड्याला जाड आवरण घातलं तर मधे वीज गेली तरी उष्णता टिकते, हे बाईंनी माझ्याआधी हिशेबात धरलं होतं.

मी त्यांना तीन प्रकार सांगितले. पहिला, एकाच भांड्याचा. आत जाळीची टोपली, काम झालं की टोपली उचलायची आणि त्याच भांड्यात उकळायचं. आटोपशीर, घरगुती विजेवरही चालतो. दुसरा दोन भांड्यांचा. तिसरा तीन मोठ्या भांड्यांचा, मधे पंप आणि नळ्या, खाली लोखंडी सांगाडा, तीन फेजची वीज. हॉटेलच्या मानानं दुसरा पुरेसा होता आणि मी तसं बोललो.

बाईंनी फक्त एक गोष्ट विचारली. पहिलं किती जण उचलतील? मी म्हटलं, दोन. दुसरं? चार-पाच, टेम्पो लागेल. तिसरं? ते उचलण्यासाठी नसतंच, मी सांगितलं, ते एकदा बसवलं की बसलं.

"मग तिसरं," बाई म्हणाल्या.

मी त्यांना समजावू लागलो. इतकं मोठं लागणार नाही, वीज जास्त खाईल, अमरावतीच्या उन्हाळ्यात एवढी बिअर थंड ठेवायची तर वेगळा खर्च. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सांगाडा फरशीत काँक्रीटमध्ये गाडता येईल का? नळ्या सगळ्या वेल्डिंगनं जोडता येतील का?

आता मी सरळच विचारलं, "बाई, हे काहून पाहिजे तुमाले?"

त्या माझ्या तार गुंडाळायच्या यंत्राकडे बघत म्हणाल्या, "मंदार परत जाईल, युसूफभाई. तो बोलत नाही, पण मला कळतं. हे गेले, आता घरात मी एकटी. त्याला राहा म्हणून मी सांगणार नाही. पण यंत्र न हलणारं असलं, तर ते सोडून तो जाणार नाही. त्याचा जीव आहे त्या कामात. आणि हे त्याला सांगू नका."

दारूला आयुष्यभर विरोध केलेल्या बाई मुलगा घरी राहावा म्हणून बिअरचं यंत्र घ्यायला आल्या होत्या, आणि तेही सगळ्यात जड. मी हसलो नाही. माझा थोरला मुलगा दुबईला आहे. तो गेला तेव्हा मीही असं काहीतरी शोधत होतो, जे त्याला उचलता येणार नाही. वर्कशॉप त्याच्या नावावर करून बघितलं. तो सही करून विमानात बसला.

मंदार त्याच आठवड्यात आला. उंच, हसतमुख, कामातलं खरोखर जाणणारा. कॉइल हातात घेऊन त्यानं आधी तिची लांबी बघितली, तिथंच मला तो आवडला. त्यानंही तीन प्रकारांचं सगळं विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "युसूफभाई, आई यंत्र पाहाले येईन, तिले सांगू नका. मले हलकं पाहिजे. बेंगळुरूवाले अजून बोलावून राहिले. इथं नाही जमलं तर यंत्र मले सोबत नेता आलं पाहिजे."

मी विचारलं, म्हणजे जायचं ठरलं आहे का? तो म्हणाला, ठरलेलं काही नाही. आईसाठी मनापासून थांबलो आहे. पण इथं शेतीचं असं झालं आहे, कापसाला भाव नाही, बाजारात पैसा नाही. हॉटेलात बसणारा माणूस म्हणजे बाजारातलाच माणूस. किती दिवस चालेल, कोणाला माहीत?

तो खोटं बोलत नव्हता. त्या वर्षांत माझ्याकडे नव्या कॉइलपेक्षा जुन्या दुरुस्तीला जास्त यायच्या. धामणगावचे एक कापसाचे अडते दरवर्षी मजुरांच्या चहासाठी नवी टाकी करून घ्यायचे, त्यांनी त्या वर्षी जुन्याच टाकीला तिसऱ्यांदा ठिगळ लावून नेलं आणि तेही मुलीचं लग्न आहे असं कारण सांगून.

आता माझी पंचाईत झाली. आईला न हलणारं हवं, मुलाला हलणारं, आणि दोघांनीही एकमेकांना सांगू नका म्हटलेलं. मी बाईंच्या बाजूचा होतो, हे सांगून टाकतो. माझ्या हातात असतं तर मी ते यंत्र अमरावतीच्या जमिनीत कमरेइतकं गाडून दिलं असतं. वेल्डरलाही मी तसं बोललो होतो. तो म्हणाला, करून टाकू.

पण आराखडा काढायला बसलो आणि अडकलो ते नळ्यांपाशी. हे गोड पाणी ज्या नळीतून जातं तिथं चिकट थर राहतो. पाण्यानं खळखळून काढला तरी कोपऱ्यात उरतो, आणि त्यात आंबणारे जंतू घर करतात. दुधाच्या डेअरीतही तेच असतं. म्हणून डेअरीच्या नळ्या कधी सगळ्या वेल्ड करत नाहीत. ठिकठिकाणी युनियन लावतात, म्हणजे मोठी आट्यांची चकती. पाना लावून ती फिरवली की नळी सुटी होते, आतून घासता येते आणि पुन्हा जोडता येते. सगळं वेल्डिंगनं बंद केलं तर दोन-तीन वेळा बिअर ठीक निघेल, मग आंबट निघू लागेल, आणि कोणत्या वाकणात दोष आहे ते शोधायला करवत लागेल.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, फोनवर नको, येते. पुन्हा एसटीनं आल्या. मी त्यांच्यासमोर डेअरीची एक जुनी बंद नळी कापून ठेवली. आतला पिवळा थर बघायला त्यांना चष्मा लागला नाही, वासावरूनच कळलं.

"बाई, तुमी म्हणाल तर वेल्डिंग करून देतो," मी म्हटलं. "फरशीत गाडून बी देतो. पण जे खोलता येत नाही, ते धुता येत नाही. त्याची बिअर आंबट होईन आणि लोक त्याले नावं ठेवतीन."

बाई त्या कापलेल्या नळीकडे बघत बसल्या. त्यांना रसायन शिकवायची गरज नव्हती, मी काय सांगतोय ते पहिल्या वाक्यात कळलं होतं. उरलेला वेळ दुसऱ्या गोष्टीला लागत होता. मी चहा मागवला, तो आला, त्यावर साय धरली.

"युनियन लावली की सगळं सुटं होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"सांगाडाही?"

"सांगाडा बोल्टवर उभा करीन. बोल्ट काढले की निघतो."

"मग तसंच करा," बाई म्हणाल्या. "त्याचं काम खराब व्हायला नको."

तीन भांड्यांचा हट्टही त्यांनी सोडला. दोन भांड्यांचं यंत्र ठरलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाईट वाटलं. त्या दुपारी मी पुन्हा कामाला हात लावला नाही.

यंत्र हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये बसलं. परवाना यायला वेळ होता आणि मी आधीच बजावलं होतं की परवान्याआधी खमीर पडणार नाही. खमीर घातलं नाही तोवर ते नुसतं जवाचं गोड पाणी, त्याला सरकारची हरकत नाही. म्हणून चाचण्या गोड पाण्याच्याच झाल्या. भारनियमनाचं वेळापत्रक बघून आम्ही दिवस ठरवायचो. मधेच वीज गेली की मंदार भांड्याला कान लावून बसायचा, जसं काही आतून कोणी बोलणार आहे. बाई पांढऱ्या बशीत थेंब काढून त्यात आयोडीन टाकायच्या. निळं झालं तर पीठ शिल्लक आहे, नाही झालं तर साखर झाली. मंदारला त्याच्या पद्धतीनं ते कळत होतंच, पण तो आईला विचारायचा, "काय म्हणते?" आणि त्या म्हणायच्या, "अजून पाच मिनिटं." दोघंही फार खूश असायची.

चाचणीचं गोड पाणी टाकायचं जिवावर यायचं. बाईंनी ते शेजाऱ्यांना, जुन्या विद्यार्थिनींना, एका बालवाडीला वाटलं. मीही प्यायलो. चांगलं लागतं. हेच विका ना, असं बाई हॉटेलमालकाला म्हणाल्या. मालकाला ती थट्टा वाटली.

परवाना आला तेव्हा खमीर घालायच्या दिवशी बाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. मंदारनं खमिराची पिशवी हातात घेतली. ती फोडण्याआधी बाई त्याला म्हणाल्या, माझ्यासमोरच, "मंदार, नळ्या सगळ्या खोलता येतात. मी विचारून घेतलंय. जायचं झालं तर मला चोरून जाऊ नको, आणि हे इथं टाकून जाऊ नको. मला एकटीला ते बघवणार नाही."

मंदार माझ्याकडे बघू लागला. मी सांगितलं नव्हतं, हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि आईच्या पाया पडला. मग हात धुऊन पुन्हा पिशवी घेतली, कारण खमिराच्या कामात हात स्वच्छ लागतात.

बिअर म्हणे छान व्हायची. अकोल्याहूनही लोक जायचे. दोन हंगाम बरे गेले. मग दोन वर्षं पावसानं दगा दिला, कापूस गेला, सोयाबीन गेलं आणि मंदार म्हणाला होता तसंच झालं, बाजार बसला की हॉटेल बसलं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर बिअर कशी करायची, हा प्रश्न त्याला स्वतःलाच टोचायचा. शेवटी मालकानं ती जागा लग्नाच्या हॉलला द्यायचं ठरवलं. आमच्याकडे काहीही बंद पडलं तरी लग्नं चालू राहतात.

खोलायला बाईंनीच मला बोलावलं. मंदारला बेंगळुरूला भागीदार मिळाला होता. तो आईला सोबत चल म्हणत होता. त्या म्हणाल्या, येईन अधूनमधून, पण घर बंद करणार नाही, इथं माझी माणसं आहेत. मलाही वाटत होतं की त्यांनी जावं, पण मी बोललो नाही. मला दुबईला कोणी नेऊ लागलं तर मी जाणार आहे का?

कॉइल मी काढल्या. थर फार नव्हता, मंदारनं नीट राखल्या होत्या. वेल्डरनं सांगाड्याचे बोल्ट सोडवले. बाई शेडमध्ये उभ्या राहून परीक्षा घ्यावी तसं बघत होत्या. प्रत्येक नळीचं तोंड त्यांनी स्वच्छ कापडानं बांधलं आणि चुन्याच्या खडूनं त्यावर आकडा घातला, म्हणजे तिकडे जोडताना घोटाळा नको. नळ्यांची कामं मंदार करत होता. एकेक युनियन सोडवून तो बाजूला ठेवत होता.

शेवटचं युनियन दोन भांड्यांच्या मधलं होतं. ते सुटलं की यंत्राचे दोन तुकडे झाले असते. मंदारनं त्यावर पाना लावला आणि तसाच थांबला. मला वाटलं, घट्ट बसलं असेल. मी पुढे झालो तर दिसलं, तो जोर लावतच नव्हता. मान खाली होती आणि खांदे हलत होते. मी मागे सरलो. वेल्डरनं उगाच बोल्ट मोजायला घेतले.

बाई पुढे आल्या. त्यांनी मंदारच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, त्याच्या हातातून पाना घेतला आणि साडीचा पदर कमरेला खोचला. वय झालेलं, हात बारीक. दोन्ही हातांनी त्यांनी पान्यावर भार टाकला. चकती हलली आणि फिरू लागली. मंदार घाईनं पुढे होऊन पाना घ्यायला लागला, तर त्यांनी दिला नाही.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "आटे खराब होतील. तिकडे पुन्हा लावायचंय."